थकलेल्या कानांसाठी कर्णा

मंडळी, गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे. पुण्याहून फोन आला की तोच, अमेरिकेतून आला की तोच. एकेकाला तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आली, तेव्हा म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं आणि ज्याला त्याला म्हणावं, वाचा.

विषय असा. यंदा मला ७५ पूर्ण झाली. मुलांच्या मनात हॉल, शाल-श्रीफळ, जेवणावळ वगैरे होतं. मी म्हटलं, शाळेत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सत्काराची भाषणं केली (आणि ऐकली), आता माझं नको. त्या पैशात मला गाणं ऐकायला चांगले स्पीकर घेऊन द्या. एवढं म्हणायचा अवकाश, लेकीनं तिकडून फोटो धाडले. जर्मनीत तयार होणारे अव्हांगार्ड कंपनीचे 'ट्रायो'. एकेका स्पीकरला तीन-तीन कर्णे, सगळ्यात मोठ्याचं तोंड ९५ सेंटिमीटर रुंद. सूनबाई फोटो बघून म्हणाली, "बाबा, ही तर धोतऱ्याची फुलं!" सौ.ने किंमत विचारली आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. आणि धाकट्या भावानं सगळ्यात टोचणारा प्रश्न विचारला, "दादा, पंचाहत्तरीत एवढ्या भारी स्पीकरमधलं तुला ऐकू काय येणार आहे?"

टोचणारा असला तरी प्रश्न रास्त आहे. त्याला माझं उत्तर असं की पंचाहत्तरीच्या कानाला कर्ण्याचा स्पीकर जितका उपयोगी, तितका पंचविशीच्या कानालासुद्धा नाही. मात्र या स्पीकरमध्ये ज्या गोष्टींसाठी सर्वांत जास्त पैसे मोजतात, त्यातल्या बऱ्याचशा आम्हा म्हाताऱ्यांना कुचकामी. आणि धोतऱ्याची ती फुलं कितीही देखणी असली तरी आमच्या घरात लावू नयेत. आता हे का, ते सविस्तर सांगतो.

आधी कान. मागच्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी तपासणी करून आलेख हातात दिला. मुलांच्या गुणांचे आलेख मी जन्मभर पाहिले, पण अशी सरळ घसरगुंडी क्वचितच पाहिली असेल! हजार हर्ट्झपर्यंत रेघ बरी चालते, पुढे उतरायला लागते आणि आठ हजारांपाशी जवळजवळ तळाला जाते. वय झालं की बहुतेकांचं असंच होतं, वरचे आवाज आधी जातात. त्यामुळे होतं काय, की माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. 'स', 'श', 'फ' ही मंडळी वरच्या मजल्यावर राहतात, आणि तोच मजला रिकामा झालेला असतो.

दुसरी गोष्ट त्या आलेखात दिसत नाही. खोली घुमणारी असली की म्हातारा कान गोंधळतो. तरुण कान भिंतीवर आपटून परत आलेला आवाज आपोआप बाजूला सारतो आणि मूळ आवाज तेवढा वेचून घेतो. आमच्या कानाला ते जमेनासं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये मी नुसता मान डोलावत बसतो ते उगाच नाही.

तुम्ही म्हणाल, श्रवणयंत्र आहे ना? आहे, दोन्ही कानांना आहे, आणि बोलण्याच्या कामी त्याचे फार उपकार आहेत. पण गाण्याचं तसं नाही. हे यंत्र मुळात बोलण्यासाठी घडवलेलं. त्यातून कुईंऽऽ अशी शिट्टी येऊ नये म्हणून आत एक पहारेकरी बसवलेला असतो. लांब, एकसारखा टिकून राहिलेला सूर आला की त्या पहारेकऱ्याला वाटतं ही शिट्टीच, आणि तो तो सूर खोडायला धावतो. आता तानपुरा म्हणजे दुसरं काय असतं हो? षड्ज लागला रे लागला की यंत्रात तो थरथरायला लागतो, मध्येच वाकडा होतो, कधी नसलेलाच सूर जोडीला येतो. गाण्यासाठी यंत्रात वेगळी सोय करून घेता येते. ती मी करून घेतली, फरकही पडला. पण मी मिरजेत राहतो. इथल्या सतारमेकर गल्लीतून जाताना जवारी लावत बसलेला कारागीर सहज दिसतो. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.) यंत्रातून जे ऐकू येतं त्याला तानपुरा म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून गाणं ऐकताना यंत्र डबीत आणि डबी खिशात.

तेव्हा मला काय हवं ते सरळ आहे. उघड्या कानाला, फार मोठा आवाज न करता, मधली पट्टी स्वच्छ आणि ठसठशीत ऐकू यावी, आणि ती भिंतींवर फिरून न येता थेट यावी. हे काम कर्णा करतो. त्याची घडणच त्यासाठी आहे.

मी बी.ए., शिकवलं मराठी आणि इतिहास. यातलं भौतिकशास्त्र मला मुंबईच्या भाच्यानं शिकवलं, म्हणजे "मामा, पुन्हा सांगतो" असं तो चार वेळा म्हणाला. साध्या स्पीकरचा पडदा हवेत मागंपुढं हलतो, पण हवा इतकी विरळ आणि मोकळी की पडद्याला ती धड पकडताच येत नाही. उघड्यावर पंजा हलवून बघा, हाताला काही लागत नाही, तसं. म्हणून आपण दिलेल्या विजेतला शंभरातला एखादा टक्का, कधी त्याहूनही कमी, आवाज होऊन बाहेर येतो. बाकीची ऊब. पडद्यासमोर निमुळत्या गळ्याची, हळूहळू रुंदावत जाणारी नळी लावली की गळ्यातली हवा कोंडलेली असते, पडद्याला ती पकडता येते, आणि ती हालचाल पुढं पुढं पसरत खोलीभर होते. सनईचं, तुतारीचं तोंड पसरट असतं ते काही नुसतं शोभेसाठी नव्हे.

आकड्यात सांगायचं तर घरगुती साधा स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर, ८६ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. मोठे कर्णे १०५-१०६ पर्यंत जातात. दर दहा डेसिबलला वीज दसपट लागते, म्हणजे वीस डेसिबलला शंभरपट. जे काम साध्या स्पीकरला शंभर वॅट देऊन होईल, ते कर्ण्याला एका वॅटमध्ये. पडद्याला फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून तबल्याचा 'ना' नखासारखा टोकदार येतो आणि हळू आवाजातही चैतन्य राहतं. माझ्या दृष्टीनं हे 'हळू आवाजात' फार महत्त्वाचं. शेजाऱ्यांनाही.

आणि दिशा. बॅटरीच्या दिव्यामागं वाटी असते म्हणून झोत एकीकडं पडतो, तसा कर्णा आवाज समोर धाडतो. बाजूच्या भिंतींवर, छतावर कमी सांडतो. आमच्या बाहेरच्या खोलीत शहाबादी फरशी आणि चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, अगदी हौदासारखी घुमते. तिथं थकलेल्या कानाला दुसरा स्पीकर किती भारी आणून दिला तरी तो भिंतींचाच आवाज ऐकवणार.

आता तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोळ्यासमोर पंधरा ऑगस्टचा भोंगा आला असेल. मैदानाच्या कडेला लिंबाच्या झाडाला बांधलेला तो करड्या रंगाचा पत्र्याचा भोंगा, आणि त्यातून मुख्याध्यापकांचा नाकात आलेला आवाज. "ते घरात आणायचं?" असं माझ्या मेहुण्यांनी विचारलंच. तोही कर्णाच, पण दुमडलेला, आखूड आणि लहान तोंडाचा, मैदानाच्या टोकापर्यंत शब्द फेकण्यासाठी केलेला. खालचे सूर त्यातून निघतच नाहीत, आणि पत्रा स्वतः वाजतो तो वेगळाच. त्यावरून सगळ्या कर्ण्यांना नावं ठेवायची म्हणजे रस्त्यावरची पिपाणी ऐकून सनई नको म्हणण्यासारखं झालं. तरी खरं तेही सांगतो. वाईट घडवलेला कर्णा घरात आणला तर गवई ओंजळीत तोंड घालून गातोय असं वाटतं. हा या जातीचा जुना दोष आहे आणि नुसत्या किमतीनं तो जात नाही.

ही जात जन्मली चित्रपटगृहात. १९२६ साली अमेरिकेत 'डॉन जुआन' चित्रपटाला व्हिटाफोन पद्धतीनं ध्वनी जोडला, तेव्हा वेस्टर्न इलेक्ट्रिकचे कर्णे पडद्याशी होते. ॲम्प्लिफायर त्या काळी मोजक्या वॅटचे, आणि हजारभर माणसांना ऐकवायचं, मग कर्ण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आपल्याकडे १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, म्हणजे फार मागं नव्हतो आपण. पुढं वॅट स्वस्त झाले, कर्ण्याची अडचण वाटायला लागली, आणि घराघरात लहान पेट्या आल्या. जपान्यांनी मात्र कर्णे जिवापाड जपले. जुनी चित्रपटगृहांची सामग्री तिकडं हौशी लोक अजून जमवतात. युद्धानंतर परदेशी एलपी सामान्य माणसाला परवडत नसत, म्हणून लोक एक कप कॉफी घेऊन दुकानात तासन्‌तास जॅझ ऐकत बसायचे. अशा दुकानाला म्हणतात 'जॅझ किस्सा'. (जपानीत 'किस्सा' म्हणजे चहापान. मला आपला किस्सा आठवून उगाच हसू आलं.) इचिनोसेकी गावात १९७० साली सुरू झालेलं 'बेसी' नावाचं असं दुकान तिथल्या जेबीएल स्पीकरसाठी जगभर गाजलं. जेबीएल म्हणजे जेम्स बी. लान्सिंग. हा गृहस्थ चित्रपटगृहांचे कर्णे करता करता १९४६ साली स्वतःची कंपनी काढून बसला आणि १९४९ मध्ये गेलासुद्धा.

असो. इतिहासाचा मास्तर, वाहवत जातो.

आता निवड. इथं मला भाच्यानं एक फार सोपी किल्ली दिली, ती सगळ्यांनी वहीत लिहून ठेवा. कर्ण्याच्या तोंडाचा परीघ साधारण जेवढा, तेवढ्या लांबीच्या तरंगापर्यंतचा आवाज तो नीट पेलतो. त्याच्या खाली जायला लागला की त्याची पकड सुटते. हवेत आवाज सेकंदाला ३४५ मीटर जातो असं धरा. तोंड ३० सेंटिमीटर रुंद असेल तर परीघ ९४ सेंटिमीटर, म्हणजे तो ३६५ हर्ट्झपर्यंतच खाली उतरेल. ५० सेंटिमीटरचा २२० पर्यंत. आणि त्या धोतऱ्याच्या ९५ सेंटिमीटरच्या फुलाचा हिशोब ११५ हर्ट्झ येतो. पुरुष काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज १३८ हर्ट्झ. म्हणजे जवळजवळ अख्खा गवई एकाच सलग यंत्रणेत बसावा म्हणून ते फूल एवढं मोठं! हे कळल्यावर त्या जर्मन लोकांबद्दल आदर वाटला. दुकानदार काहीही सांगू दे, खिशात मोजपट्टी असली की आपल्याला निम्मं कळतं.

अगदी खालच्या आवाजासाठी मात्र हा हिशोब हाताबाहेर जातो. ४० हर्ट्झचा तरंग साडेआठ मीटरच्या वर, म्हणजे तोंड पावणेतीन मीटर रुंद हवं. दिंडीदरवाजाच की तो! म्हणून बहुतेक कंपन्या खालच्या आवाजाला साधी पेटीच देतात. पॉल क्लिप्श नावाच्या अमेरिकन माणसानं १९४६ साली आर्कान्सामधल्या होप या गावी यातून वाट काढली. त्यानं स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात बसवला, तेव्हा दोन भिंती आणि जमीन हेच कर्ण्याचं पुढचं तोंड झालं. हा 'क्लिप्शहॉर्न' आजही बनतो. मला त्याची युक्ती सगळ्यात आवडते, त्यात काटकसर आहे. पण त्याला एकाच भिंतीचे दोन मोकळे कोपरे लागतात. अलीकडच्या आवृत्तीत मागची बाजू बंद करून ही अट थोडी सैल केली आहे, तरी कोपरा तो कोपराच. आमच्या खोलीच्या एका कोपऱ्यात आत जायचं दार आणि दुसऱ्यात देव. एकेक स्पीकर शंभर किलोच्या घरातला. देव हलवायचा विषय मी काढणार नाही, तुम्हीही काढू नका.

आणि धोतरा नको तो अंतरामुळे. तीन कर्णे वेगवेगळ्या उंचीवर. त्यांचे आवाज एकमेकांत मिसळायला जागा लागते. आपण पुरेसे लांब बसलो तर एक गवई दिसतो, जवळ बसलो तर तिघे. आमची खोली १४ बाय १८ फूट. स्पीकर भिंतीपासून सोडून ठेवले आणि माझी खुर्चीही मागच्या भिंतीला चिकटवली नाही तर मध्ये राहतात दहा-अकरा फूट. मुलगा मला मुंबईत एका दुकानात घेऊन गेला होता, तिथं अशाच घडणीचा मोठा तीनमजली स्पीकर ऐकला (नाव कशाला?). लांबून अप्रतिम! तोच अकरा फुटांवर खुर्ची ओढून ऐकला तर तान वर जाताना गवई शिडी चढतोय असं वाटायला लागलं.

दुकानात काय ऐकावं याबद्दल चार शब्द. ते लोक त्यांची ठरलेली गाणी लावतात, गिटार आणि एक बाई कानाशी कुजबुजते ते. कुठल्याही स्पीकरवर ते छानच वाटतं. मी पेन ड्राइव्हवर आपलं सामान नेलं होतं. आधी नुसता तानपुरा, पाच मिनिटं. खर्जाच्या तारेतून गांधार आपसूक उमटतो का, ते ऐकायचं. काळी एकच्या खर्जाचा षड्ज ६९ हर्ट्झचा, त्याच्या पाचपट म्हणजे साडेतीनशेच्या आसपास तो गांधार. तो उमटला नाही तर पुढं काही ऐकायची गरज नाही. विक्रेत्या मुलानं दोन मिनिटांनी नम्रपणे विचारलं, "सर, गाना कब शुरू होगा?" मग खर्जापासून तार सप्तकापर्यंत जाणारी संथ आलापी. स्पीकरमध्ये एक आवाज पेटीतून आणि पुढचा कर्ण्यातून येतो, त्या सांध्यावरून मींड जाताना गवई जागा बदलतो का हे डोळे मिटून ऐकायचं. मग तबला. आणि शेवटी नुसतं बोलणं, एखादी मुलाखत. शब्द न शब्द कळला पाहिजे, मान पुढं न काढता.

आणि अब्दुल करीम खाँसाहेब. मिरजेच्या माणसाला ते टाळून पुढं जाता येत नाही. १९३०च्या दशकातल्या ओडियनच्या त्या तबकड्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्या काळच्या तबकडीत सहा-सात हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसायचंच. म्हणजे माझे कान जिथं संपतात तिथंच खाँसाहेबांची तबकडीही संपते, आमचा अभ्यासक्रम एकच! साध्या स्पीकरवर ही ध्वनिमुद्रणं लांबच्या खोलीतून आल्यासारखी वाटतात. चांगल्या कर्ण्यावर आवाज समोर येऊन उभा राहतो, तबकडीची खरखर मागं राहते. माझ्या वडिलांनी १९३७ पूर्वी त्यांना प्रत्यक्ष ऐकलं होतं. ते म्हणत, आवाज लहान होता पण सुईसारखा पोचायचा. दुकानात मला ते पहिल्यांदा पटलं.

यावरून कशाला पैसे द्यायचे नाहीत तेही ठरतं. पत्रकात २० हजार हर्ट्झपर्यंत लिहिलेलं असतं. ते ऐकायला घरात एचएमव्हीचा तो कुत्रा पाळावा लागेल. मला दहा हजारांच्या वर काहीही नको. खालीही खर्ज ६९ वर आहे, तेव्हा ५० पर्यंत उतरला तरी बस. चित्रपटातल्या स्फोटांसाठी मी स्पीकर घेत नाही. चंदेरी तारा, जाडजूड केबली, त्याखाली ठेवायचे लाकडी पाट, या दुकानदारीला हात जोडून नमस्कार.

मग उरले दोघे. एक टॅनॉय. या इंग्रज कंपनीनं १९४७ साली मोठ्या पडद्याच्या पोटातच लहान कर्णा बसवला. दोन्ही आवाज एकाच बिंदूतून येतात, म्हणून जवळ बसलं तरी गवई एकच राहतो. दुसरा पुन्हा क्लिप्शचा. कोपऱ्याशिवाय स्पीकर नाही असं सांगत फिरणाऱ्या या माणसानं १९५७ साली कोपरा न लागणारा लहान स्पीकर केला. कुणीतरी म्हटलं हा तर तुझ्याच धर्माशी द्रोह, तर त्यानं स्पीकरचं नावच 'हेरेसी' ठेवलं, म्हणजे पाखंड. असा माणूस मला आवडतो. उंची दोन फूट, खालचा आवाज १२ इंची पडद्याच्या पेटीतून, मधला आणि वरचा कर्ण्यांतून, सांधा साडेआठशे हर्ट्झच्या आसपास. ९९ डेसिबल सांगतात.

शास्त्राप्रमाणं हा सांधा ऐन गळ्यात येतो, म्हणून जाणकार नाक मुरडतील. पण माझा आलेख काढून शेजारी ठेवा. हजारांपर्यंत माझा कान शाबूत आहे, तिथलं पेटीनं सांभाळलं तरी चालतं. तानपुऱ्याचा गांधारही पेटीतूनच येईल, येऊ दे. रेघ जिथं उतरायला लागते, जवळजवळ तिथूनच कर्णा पुढचं काम हातात घेतो. तरुण माणसाला मी हेच सांगणार नाही. त्यानं मोठ्या कर्ण्यासाठी मोठी खोली होईपर्यंत थांबावं. माझ्याकडे थांबायला फार वेळ नाही आणि खोली आहे तेवढीच राहणार. तेव्हा कल हेरेसीकडे. शेवटचा शब्द मात्र मींड ऐकल्यावर.

ॲम्प्लिफायरबद्दल भाचा आणि मुलगा भांडताहेत. भाच्याला काचेचे दिवेवाला हवा, १९३०च्या दशकातला तो ३००बी का काय, आठ वॅटचा. कर्ण्याला आठ वॅट पुष्कळ झाले हे खरं. पण आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज काय काय खेळ करतं ते त्याला मुंबईत बसून कळायचं नाही. साधा वीस-पंचवीस वॅटचा चालेल. एक मात्र बघा. कर्णा गाणं मोठं करतो तशी ॲम्प्लिफायरची गुणगुणही मोठी करतो. घ्यायच्या आधी गाणं न लावता नुसता चालू करून कर्ण्याला कान लावायचा. माझा नव्हे, नातवाचा. आणि घरात आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यायचं.

राहिली सौ.ची तक्रार, आणि ती खरी आहे. कर्ण्याचा झोत खुर्चीवर पडतो. ती स्वयंपाकघरात असते तेव्हा जुन्या पेटीवाल्या स्पीकरमधलं भावगीत तिला तिथं ऐकू येतं, यातलं तेवढं येणार नाही. तिचे कान माझ्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं या घरात रेडिओ तिच्या हाताखाली वाजलेला आहे. त्यावर तोड अशी काढली आहे की जुने स्पीकर जागेवर राहतील, सकाळी ते. नव्यांची तोंडं इतकी आत वळवायची की दोघांचे झोत खुर्चीच्या थोडे पुढं एकमेकांना छेदतील. मग शेजारच्या खुर्चीलाही गवई मध्ये दिसतो. दोन खुर्च्या लावणार आहे. ती म्हणाली, "बघू, संध्याकाळची मालिका संपल्यावर." हा होकार समजावा.

भावाला माझं म्हणणं पटलं का माहीत नाही. तो म्हणतो यातले थोडे पैसे वाचनालयाला दे. तेही देईन, या फरकातून निघतील. धोतरा आणि हेरेसी यांच्या किमतीतला फरक एवढा आहे की वाचनालयाचं छपरसुद्धा शाकारून होईल.

दिवाळीत सगळे येणारच आहात. त्याआधी खोलीचं काम व्हायला हवं. फरशीवर जाड सतरंजी, मागच्या भिंतीला माझी पुस्तकांची दोन्ही कपाटं, बाजूच्या भिंतीवर आईच्या हातची गोधडी. हे सगळं घरातच आहे, पुण्याहून काही विकत आणू नका. मोजपट्टी तेवढी पोलादी आणा, माझी कापडी आहे ती ओढून ओढून सैल झाली आहे.